रांगेतली पिशवी

गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी घराला वास सुटतो. आंबूस, ओला, गोठ्याच्या जवळ जाणारा. सवय नसलेला माणूस नाकाला पदर लावतो. मी पन्नास वर्षं वैशाखात हा वास घेते आहे, मला त्याचं काही वाटत नाही. पण परवा पातेल्यावरचं ताट उचललं आणि मला कुरडया आठवल्या नाहीत. सरकारी हॉस्पिटलची केसपेपरची, इथल्या भाषेत पर्चीची, खिडकी आठवली. गेले तीन उन्हाळे असंच होतं आहे.

मंडळाच्या अंकासाठी उन्हाळ्याच्या आठवणी लिहा, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. पन्हं, मोगरा, गच्चीवरचं झोपणं हे बाकीचे लिहितीलच. माझ्या आठवणीत एक रांग आहे, ती मी लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शुद्धलेखन तुम्ही बघा, मजकुराला हात लावू नका.

इथे ग्वाल्हेरला माधवगंजात दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत आणि वर गच्ची. घरात मी आणि माझी मुलगी नंदा. नंदा अडतीस वर्षांची आहे. नई सडकेवरच्या दुकानांतल्या साड्या ती घरी आणते आणि फॉल-पिको करून देते. तिचा हात इतका साफ आहे की भारी साडी असली की दुकानदार दुसऱ्या कोणाला देत नाही. ती जन्मली तेव्हा सुईणीनं मुलगा झाला म्हणून सांगितलं आणि आम्ही पेढे वाटले. तेव्हा ठेवलेलं नाव मी इथे लिहिणार नाही. ते तिचं नाही, आणि त्याच्यावाचून तुमचं काही अडत नाही.

नंदा हे नाव तिनं स्वतः घेतलं. मी म्हटलं, "इतकं जुनाट? आजकालचं एखादं घ्यायचंस."

म्हणाली, "तूच सांगायचीस ना, मुलगी झाली असती तर नंदा ठेवणार होते म्हणून."

मी कधी बोलले होते ते मला आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं.

मी पहिल्या दिवसापासून शहाणी होते असं समजू नका. तिनं मला सांगितलं तेव्हा दोन महिने मी तिच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि पाठ फिरवायचे. मग कुरडयांचे दिवस आले. चीक शिजवताना दोन माणसं लागतात, एक पातेलं धरायला आणि एक हाटायला. मला बोलावंच लागलं. "पातेलं धर," म्हटलं. तिनं धरलं. तिथून बोलणं सुरू झालं. जिभेला "आली, गेली"ची सवय व्हायला आणखी वर्ष गेलं. सवय झाल्यावर मला कळलं की त्यात अवघड असं काहीच नव्हतं, मीच आळस करत होते.

आपल्या लोकांतल्या काही घरांनी तेव्हापासून आम्हाला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. कुरडया मात्र माझ्याकडूनच नेतात. दारात उभ्या राहून नेतात, आत येत नाहीत. त्या कुरडयांचा चीक नंदानंच हाटलेला असतो. खा, खा. चांगल्या फुलतात.

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला मी काय सांगू. लू, ती वाऱ्याची भाजणारी झळ, सुरू झाली की दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. लोखंडी कडीला हात लावला तर हात मागे येतो. नळाचं पाणी संध्याकाळपर्यंत गरमच. कूलरच्या जाळीत नवं गवत भरलं की पहिले दोन दिवस ओल्या शेतासारखा वास येतो, मग तोही भाजून जातो. मधूनच आंधी येते आणि गच्चीवरचं सगळं वाळवण धुळीनं माखतं. या दिवसांत इथल्या सगळ्या पोरी तोंडाला ओढणी गुंडाळून फिरतात, डोळे तेवढे उघडे. कोण कोणाची, काही ओळखू येत नाही. नंदाला त्याचं फार बरं वाटायचं. म्हणायची, "आई, लू चालते तोवर मी सगळ्यांसारखी. बारिश आली की खतम."

ती हसून म्हणायची. मी हसायचे नाही.

डॉक्टरांकडे जायच्या आधी तिनं एक चूक केली होती. थाटीपुरात तिच्यासारखीच एक ओळखीची मुलगी राहते. तिनं सांगितलेल्या गोळ्या नंदा वर्षभर घेत होती. कोणी तपासलं नाही, कोणी रक्त बघितलं नाही. गोळ्यांनी तिला हवं ते होत होतं. गाल मऊ झाले, दाढी विरळ झाली, स्वभाव इतका निवळला की मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणायला लागली. मग एक दिवस तिची डावी पोटरी सुजली. लाकडासारखी टणक आणि गरम. खासगी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, शिरेत रक्ताची गाठ झाली आहे. गाठ विरघळायची औषधं दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "माताजी, ये गोलियाँ अपने मन से दोबारा खाईं, तो अगली बार गाँठ पैर में नहीं रुकेगी। छाती में जाएगी।"

म्हणजे तिला गोळ्या बंद करायच्या असं नव्हतं. हार्मोनच्या डॉक्टरांनी नीट तपासून, तिच्या अंगाला झेपेल ते औषध द्यायला हवं होतं. खासगीतलं आमच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून सरकारी.

आता सरकारीची गोष्ट ऐका. दसऱ्याच्या सुमाराला सुरुवात केली. आधी मनाच्या डॉक्टरांचा कागद लागतो, की ही वेडी नाही आणि हिला खरंच हे हवं आहे. तो कागद मिळायला चार महिने. वेडी नाही हे मी त्यांना चार मिनिटांत सांगितलं असतं. मग कलेक्टर कचेरीतलं ओळखपत्र. ते झालं तर कळलं की हार्मोनच्या डॉक्टरांची जागाच रिकामी आहे. भरली की या. भरली कधी, ते कोणी सांगेना. मीच दर आठवड्याला जाऊन विचारायचे. चैत्रात एक डॉक्टरीणबाई आल्या. बसणार फक्त मंगळवारी. पर्चीची खिडकी नऊला उघडणार आणि एकला बंद.

गव्हाचंही थांबणंच असतं. पण गव्हाचं पाणी मी रोज बदलते. पहिल्या दिवशी दाणा टणक, दुसऱ्या दिवशी फुगतो, तिसऱ्या दिवशी अंगठ्यानं दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. रोज काहीतरी पुढे सरकलेलं हाताला कळतं. म्हणून त्या थांबण्याचा त्रास होत नाही. हॉस्पिटलात तसं नाही. तिथे माणसाला भिजत घालतात आणि पाणी बदलायला कोणी येत नाही. अशानं गव्हाचं काय होतं ते मला माहीत आहे. एकदा नणंदेच्या आजारपणात माझे गहू सहा दिवस राहिले होते. शेवटी गटारात ओतावे लागले.

नंदा तशीच आंबायला लागली होती. गोळ्या थांबल्यावर दाढी परत आली. उकाड्यात दिवसातून दोनदा दाढी करायची, कातडी सोलून निघायची, त्यावर घाम आला की डोळे मिटून बसायची. साड्या आणायला जाईना, दुकानाचा माणूस घरी यायला लागला. आरसा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी रोज सरळ करायचे, ती रोज उलटा करायची. आमचं त्यावरून बोलणं कधी झालं नाही, आरसा तेवढा फिरत राहिला.

आणि एक दिवस शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये दोरा शोधताना मला जुन्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. अर्धं शिल्लक होतं.

"हे का ठेवलंयस?"

"असू दे, आई."

"का ठेवलंयस म्हणते मी."

"कधी नाहीच आलं बोलावणं तर."

मी पाकीट उचललं आणि हिंगाच्या डब्यात ठेवलं. डबा माझ्या उशाशी. तिनं मागितलं तर मी देणार नव्हते, आणि चोरलं तर तिच्या हाताला वास येणार होता. "डॉक्टरबाई भेटेपर्यंत ते माझ्याकडे," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं खा, तर मी स्वतः पाण्याचा पेला आणून देईन."

त्या उन्हाळ्यात मला एवढीच काळजी होती. बाई आधी भेटतात, की नंदाचा धीर आधी सुटतो.

आता पिशवी. उन्हात चार तास कोणी उभं राहत नाही. त्या खिडकीपुढे माणसांची रांग नसायचीच, वस्तूंची असायची. एक चप्पल, मग पाण्याची बाटली, मग विटेचा तुकडा, मग एक्स-रेचं पाकीट, कोणाची काठी. माणसं भिंतीच्या सावलीत बसायची आणि रांग पुढे सरकली की कोणीतरी एक उठून सगळ्यांच्या वस्तू पायानं पुढे सारायचं. भांडणं नाहीत, काही नाही. चप्पल जिथे आहे तिथे माणूस आहे असं सगळ्यांनी मानलेलं. मला ती पद्धत आवडली होती, कशाला खोटं बोलू.

रांगा दोन. एक बायकांची, एक पुरुषांची. पहिल्या मंगळवारी नंदा कुठे उभी राहणार हा प्रश्न आला. पुरुषांच्या बाजूनं दोघातिघांनी शिट्ट्या मारल्या. बायकांच्या बाजूला बायकांनी एकमेकींकडे बघून पदर सावरले. मी तिला म्हटलं, "तू जा, निंबाखाली बस. मी बघते." आणि तिची कापडी पिशवी बायकांच्या रांगेत ठेवली. निळी पिशवी, साडीच्या उरलेल्या फॉलची तिनंच शिवलेली.

पिशवीला कोणी काही विचारलं नाही.

माझ्यामागे भिंडची एक बाई असायची. गुडघ्यासाठी यायची, अंगानं भरभक्कम, तोंडानं त्याहून. मी पाणी प्यायला गेले की माझी पिशवी तीच पुढे सारायची. "अम्मा, तुम बैठो, मैं सरका दूँगी," म्हणायची. मी तिला बरोबर आणलेलं दही-सातू द्यायचे. मी मनात म्हणत होते, बघ कशी युक्ती काढली. ना भांडण, ना तमाशा.

दोन मंगळवार असेच गेले. पहिल्यांदा आमच्या आधी तीन वस्तू असताना एक वाजला. दुसऱ्यांदा डॉक्टरबाई आल्याच नाहीत. घरी आलो की मी पिशवीचा तळ सोड्यानं घासायचे. हॉस्पिटलच्या फरशीचा काळा चिकट मळ, पानाचे डाग, काय काय. नंदा म्हणायची, "घासू नको, परत तिथेच जायचंय."

तिसऱ्या मंगळवारी आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाबूनं फाइल उघडली, ओळखपत्रावरचा फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"मरीज कहाँ है?"

"बाहर बैठी है। मैं माँ हूँ।"

"माँ से क्या होगा? इस पर्ची में मरीज सामने चाहिए। फोटो मिलाना पड़ता है।"

मी धावले. सत्तरीच्या बाईचं धावणं म्हणजे काय, तरी धावले. निंबाखाली नंदा नव्हती. हॉस्पिटलात दोन संडास, एकावर बाई, एकावर पुरुष. दोन्हीकडून तिला हाकललेलं होतं, म्हणून ती फाटकाबाहेर लांब कुठेतरी गेली होती. ती सापडून आम्ही खिडकीशी परत येईपर्यंत बाबूनं फाइलवर लाल शाईनं लिहून टाकलं होतं. गैरहजर.

"अगली तारीख?"

"अगले मंगल के बाद मैडम छुट्टी पर हैं। बरसात के बाद आना। इसको नई तारीख से बुलाएँगे।"

मी खूप बोलले. माझ्या आवाजाची तुम्हाला कल्पना आहे. पण शाई वाळली होती.

घरी आल्यावर नंदानं ओढणी सोडली, मशीनपाशी बसली आणि म्हणाली, "आई, हिंगाचा डबा दे."

"देणार नाही."

"बरसात के बाद म्हणाला तो. म्हणजे परत दसरा. तेव्हा परत कोणीतरी छुट्टीवर. दे, आई."

"नाही देत."

"मग करू तरी काय मी?"

मी पिशवी घासायला घेतली होती. सोडा लावला, ब्रश उचलला, आणि हातात ती पिशवी धरून मला पहिल्यांदा नीट दिसलं की मी काय केलं होतं. मी माझ्या मुलीला तीन मंगळवार झाडाखाली लपवलं होतं आणि तिच्या जागी एक पिशवी बाई म्हणून उभी केली होती. बाबूनं गैरहजर लिहिलं ते काही खोटं नव्हतं. ती हजर नव्हतीच. मीच तिला हजर होऊ दिलं नव्हतं. लोकांनी मला कधी घाबरवलं नाही असं मी छातीठोकपणे सांगायचे. ते चूक होतं. घाबरवलं होतं, फक्त मी त्याला युक्ती म्हणत होते.

मी ब्रश ठेवला. म्हटलं, "बाई अजून एक मंगळवार आहेत. नवी पर्ची काढू. तू रांगेत उभी राहा. तूच."

"लोक काय—"

"लोक तिथे उभेच आहेत. आपल्याला जागा हवी आहे, लोकांची हरकत बघू नंतर."

"आणि नाहीच झालं तर?"

"तर डबा उघडून ते पाकीट गटारात टाकीन आणि बरसातीनंतर परत जाऊ. ती गोळी काही तुला मिळणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही."

तो मंगळवार नवतपाचा होता. ते नऊ दिवस कसे असतात ते इथल्यांना माहीत आहे. पक्षीसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. आम्ही सहाला निघालो. सातला खिडकीपुढे पाच वस्तू होत्या. सहावी नंदा उभी राहिली. वस्तूंच्या रांगेत एकटं माणूस, त्यामुळे ती आणखीच उंच दिसत होती. मी तिच्याशेजारी. तिनं मला दोनदा सांगितलं, "तू सावलीत जा." मी गेले नाही.

साडेआठला गार्ड आला. "ये लेडीज लाइन है।"

"दिखता है," मी म्हटलं. "मेरी लड़की है।"

"अम्मा, मजाक मत करो। इनकी लाइन अलग होती है।"

"कहाँ है? दिखाओ, वहीं खड़ी हो जाएगी।"

त्यानं इकडे तिकडे बघितलं. तिसरी खिडकी असेल तर दिसणार. सावलीतल्या बायका उठून आल्या. एक म्हणाली, घरी लहान मुलं आहेत आमची, अशांच्या मागे उभं राहायचं का. मी विचारलं, मुलं घरी आहेत ना, मग इथे त्यांचं काय. दुसरी म्हणाली, चेहरा तरी दाखवा. मी तिला उत्तर देणार, तेवढ्यात नंदानं स्वतःच ओढणी सोडली. सगळी. घडी केली आणि खांद्यावर टाकली. सोललेले गाल, हिरवट हनुवटी, घाम. लू चालू असताना ग्वाल्हेरात कोणी मुलगी तोंड उघडं ठेवत नाही. तिनं ठेवलं.

"देख लो," ती म्हणाली. "फोटो भी यही है।"

तेवढ्यात भिंडवाली लंगडत आली. नंदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नंदाच्या खांद्यावरच्या निळ्या पिशवीकडे बघितलं.

"अरे! वो थैली इसकी थी?"

"इसी की थी।"

"तो तीन मंगल से मैं इसको सरका रही थी?"

"हाँ। और तुझे कोई तकलीफ नहीं थी।"

भिंडवाली म्हणाली, "थैली बोलती नहीं थी ना, अम्मा।" बायका हसल्या. नंदासुद्धा हसली, मी बघितलं. मग भिंडवालीनं आपली चप्पल नंदाच्या मागे आपटली आणि बाकीच्यांना म्हणाली, "मेरा नंबर इसके पीछे है। जिसको दिक्कत है वो मेरे पीछे आ जाए। और ए लड़की, जरा सीधी खड़ी रह, तेरी छाँव में मैं बैठती हूँ।"

आणि खरोखर बसली. नंदाच्या सावलीत, फरशीवर, गुडघा लांब करून.

असं समजू नका की सगळ्यांचं मन पालटलं. दोन बाया शेवटपर्यंत चार हात लांब उभ्या राहिल्या. गार्ड कुरकुरत राहिला. पुरुषांच्या बाजूनं शिट्टी आली तेव्हा मी वळून विचारलं, "किसकी माँ ने सिखाया?" पुन्हा आली नाही. बाराच्या सुमाराला ऊन नंदाच्या डोक्यावर आलं. मी तिला पन्ह्याची बाटली दिली आणि म्हटलं, बसायचं तर बस. म्हणाली, "नाही. आज उभीच राहते."

बारा चाळीसला बाबूनं फोटो चेहऱ्याशी ताडून बघितला. शिक्का मारला.

डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी आधी नंदाला विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू. चार महिने मनाच्या विभागात हे कोणी विचारलं नव्हतं. मग पाय बघितला, पोटरी दाबली, आधीच्या गोळ्यांची नावं विचारली. नंदाला नीट सांगता येईना, म्हणून मी पदराच्या गाठीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

त्यांनी उचललं आणि नाक वर केलं. "ये… हींग?"

"हाँ। ताले में रखा था।"

त्या हसल्या नाहीत. पाकीट पलटून वाचलं आणि म्हणाल्या, "आपने बचा लिया इनको।" मग कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी म्हटलं, मी काही केलं नाही, हिनं मागितलं पण चोरलं नाही, ते लिहा. कुठे लिहिणार होत्या त्या, पण मला ते कोणीतरी ऐकायला हवं होतं.

त्या दिवशी औषध मिळालं नाही. तपासण्या लिहून मिळाल्या. त्यांचे कागद यायला पाऊसकाळ गेला. पहिली खरी गोळी नंदानं घेतली ती नवरात्रात, वजन आणि रक्त आणि पाय सगळं बघून, अर्धी. मी कबूल केल्याप्रमाणे पाण्याचा पेला नेऊन दिला. ती म्हणाली, "वास येतोय पेल्याला." हिंगाचा हात लागला होता माझा.

मंडळी, कोणी मला विचारतं, या वयात कशाला हे. देवाचं नाव घ्यायचं सोडून. मी म्हणते, त्या खिडकीपुढे मी जेवढी उभी राहिले तेवढी कोणत्या देवळापुढे राहिले नाही, आणि तिथे तरी शेवटी खिडकी उघडली. कोणी म्हणतं, नंदाला धीर धरायला शिकवलंत हे मोठं. मी धीर वगैरे काही शिकवला नाही. धीर धरा म्हणणारे लोक स्वतः कूलरपुढे बसलेले असतात. थांबावं लागलं म्हणून थांबलो. थांबायला लावणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायची इच्छाही नाही. चार महिने एका कागदाला लागायचं कारण नव्हतं. जागा रिकामी राहायचं कारण नव्हतं. तिसरा संडास बांधायला किती विटा लागतात? आमच्या गल्लीतला गवंडी चार दिवसांत बांधून देईल.

तीन वर्षं झाली. आरसा आता सरळ असतो. औषध दर तीन महिन्यांनी घ्यायला जावं लागतं, कधी मिळतं, कधी आलेलं नसतं. त्या डॉक्टरबाईंची बदली झाली, मध्ये पाच महिने पुन्हा जागा रिकामी होती. आता कोणी दुसरे आहेत. संडास दोनच आहेत. भिंडवालीचा गुडघा तसाच आहे, तिचे फोन येतात, "अम्मा, थैली कैसी है?" असं विचारते. नंदाला ती थैलीच म्हणते.

काल मंगळवार होता आणि चीक शिजवायचा दिवसही तोच आला. पहाटे गाळलेलं दूध खाली बसलं होतं, वरचं पाणी मी ओतून टाकलं. हिंग, मीठ, उकळी. नंदानं हाटून दिलं, चीक काचेसारखा झाला, तशी ती हात धुऊन उठली. गळ्याभोवती ओढणी, तोंड उघडं.

"सोऱ्या तू दाबशील ना? मी एकपर्यंत येते."

"मी येऊ का बरोबर?"

"कशाला? कुरडया कोण घालणार?"

खुंटीवरची निळी पिशवी तिनं खांद्याला लावली. मी पिशवीबद्दल काही म्हणणार होते, पण जिना उतरतानाच तिनं खालून ओरडून सांगितलं, "माहिती आहे, आई."

मी गच्चीवर दीडशे कुरडया घातल्या. दहापर्यंत कडा वाळून उचलल्या गेल्या. अकराला वारा सुटला तशी मी आंधीच्या धास्तीनं आकाशाकडे बघत बसले, पण आंधी आली नाही. बारा झाले, एक झाला. दोनला जिन्यावर पाय वाजले. मान उन्हानं भाजून तांबडी झालेली, कुडता पाठीला चिकटलेला.

"औषध नाही आलेलं. पुढच्या मंगळवारी म्हणाला."

"घरात आहे तेवढं पुरेल?"

"पंधरा दिवस."

"मग जा पुढच्या मंगळवारी."

"जातेच," ती म्हणाली आणि पातेल्याच्या तळाला राहिलेला चीक बोटानं खरवडून खाऊ लागली. पिशवी तिनं खुंटीला टांगली होती. ती पाणी प्यायला आत गेली तशी मी उठले आणि पिशवी उलटी करून तळ बघितला.

स्वच्छ होता.